जपानचं गाइडबुक निवडताय? आधी मियाजिमाचं पान उघडा

पत्र : मे महिन्यात आम्ही चौघं बारा दिवसांसाठी जपानला जातोय. मी, नवरा, पंधरा वर्षांची मुलगी आणि बहात्तर वर्षांच्या सासूबाई. टूर कंपनी नाही, आपलं आपण. टोकियो, क्योटो, हिरोशिमा एवढं नक्की आहे. सासूबाई शाकाहारी, कांदा-लसूणही खात नाहीत, आणि गुडघे दुखतात. दिरांनी त्यांचं २०१७ चं जाडजूड गाइडबुक दिलंय. दुकानात लोनली प्लॅनेट आणि डीके आयविटनेस चाळली, दोन्ही चांगलीच वाटली. ऑनलाइन एक पुस्तक निम्म्या किमतीत मिळतंय, त्याच्या नावातच चालू वर्ष आहे आणि तारेही भरपूर. नवरा म्हणतो, हातात फोन असताना पुस्तकाचं ओझं कशाला? काय घेऊ?
— एक वाचक, नाशिक

उत्तर :

ताई, तुमच्या यजमानांचं म्हणणं निम्मं बरोबर आहे, तेवढं आधी मान्य करून टाकू. गाडी किती वाजता, कोणत्या फलाटावरून, स्टेशनातून कोणत्या दाराने बाहेर पडायचं, देऊळ आज उघडं आहे का, तिकीट किती, हे सगळं फोनलाच विचारायचं. शिंजुकू स्टेशनला दोनशेहून जास्त बाहेर पडायचे रस्ते आहेत. ते कुठल्याही पुस्तकात मावणार नाहीत. शिवाय छापील पुस्तक जन्मतःच शिळं असतं. लेखक फिरून येतो, लिहितो, संपादन होतं, नकाशे होतात, छपाई होते, मग ते नाशिकच्या दुकानात पोहोचतं. तुमच्या हातात येईपर्यंत त्यातली माहिती किमान वर्षभर जुनी झालेली असते, बऱ्याचदा दीड-दोन वर्षं.

पण फोन फक्त विचारलेल्याचं उत्तर देतो. क्योटोला तीन दिवस पुरतील की पाच लागतील? राहायचं स्टेशनाजवळ की गिओन या जुन्या वस्तीच्या बाजूला? जवळच्या नारा शहरात मुक्काम करायचा की सकाळी जाऊन संध्याकाळी परतायचं? फोनवर क्योटोच्या सगळ्याच देवळांना साडेचार तारे आहेत, त्यातलं काय सोडावं हे तो सांगत नाही. चांगल्या गाइडबुकाचा लेखक सांगतो. तेव्हा पुस्तक घ्या, पण ते घरी बसून बेत आखण्यासाठी, आणि ज्यातली माहिती दर महिन्याला बदलत नाही अशा गोष्टींसाठी.

आता कोणतं? मुखपृष्ठ, फोटो आणि प्रकाशनाचं नाव बाजूला ठेवा आणि दुकानात उभ्या उभ्या एकच काम करा. हिरोशिमाच्या प्रकरणात मियाजिमा बेटाचं पान उघडा आणि सासूबाईंना बरोबर घेऊन ते पान वाचतोय असं समजून वाचा.

मियाजिमा म्हणजे समुद्रात उभं असलेलं लाल तोरण, तिथल्या देवळाची कमान. तिथे जायचं तर वेळ भरती-ओहोटी बघून ठरवायची असते. भरतीला तोरण पाण्यावर तरंगल्यासारखं दिसतं, ओहोटीला वाळूतून चालत थेट त्याच्या बुंध्यापाशी जाता येतं. हाजी अलीला गेलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. पुस्तक नुसतंच ‘सुंदर तरंगतं तोरण’ म्हणतंय की आधी भरतीचं वेळापत्रक बघायला सांगतंय? हा पहिला प्रश्न.

दुसरा प्रश्न मिसेन डोंगराचा. ५३५ मीटरचा हा डोंगर, वर जायला दोन टप्प्यांचा रोपवे. मात्र रोपवे शिखरापर्यंत जात नाही. शेवटच्या स्थानकापासून माथ्यापर्यंत आणखी अर्ध्या तासाची चढण आणि पायऱ्या आहेत, मध्ये थोडा उतारही. ‘रोपवेने शिखरावर जा’ एवढंच लिहिलं असेल, तर ते लिहिणारा वर गेला नसावा, किंवा गेला असला तरी गुडघेदुखीवाल्या वाचकाचा विचार त्याने केलेला नाही. ‘रोपवेच्या स्थानकावरूनही बेटांचा देखावा चांगला दिसतो, ज्यांना चढवत नाही त्यांनी तिथेच थांबावं’ असं वाक्य ज्या पुस्तकात सापडेल, ते तुमच्या कामाचं.

तिसरी गोष्ट तारखेची. तोरणाची डागडुजी २०१९ मध्ये सुरू झाली आणि २०२२ च्या अखेरीला संपली. पुस्तकात अजून तोरणाला परांच्या बांधलेल्या असतील तर ते केव्हाचं आहे ते कळलंच. बेटावर येणाऱ्यांकडून ऑक्टोबर २०२३ पासून माणशी १०० येन कर घेतात, त्याचा उल्लेख आहे का तेही बघा. शंभर येन म्हणजे साठेक रुपये, खर्च किरकोळ आहे. पण लेखक त्यानंतर तिथे गेला होता का, हे त्यातून कळतं.

या एका पानाला दहा मिनिटंही लागत नाहीत. मग तेच क्योटोच्या फुशिमी इनारी देवळाला लावून बघा. हजारो लाल तोरणांची ती वाट २३३ मीटरच्या डोंगरावर जाते, पूर्ण फेरीला दोन-तीन तास लागतात. दाट तोरणांचा प्रसिद्ध भाग मात्र पायथ्यापासून थोड्याच अंतरावर आहे आणि तिथून मागे फिरता येतं. पुस्तकाने हे सांगितलं पाहिजे. कियोमिझुदेरा मंदिराची चढण सांगितली पाहिजे. बहुतेक पुस्तकं तरुण, पाठीवर पिशवी टाकून निघालेला एकटा प्रवासी डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली असतात. तुमच्या घरातल्या माणसांसाठी लिहिलेलं पुस्तक हवं असेल, तर ते असं पानापानातूनच ओळखावं लागतं.

आणखी एक परीक्षा आहे, ती आपल्याला इतरांपेक्षा सोपी जाते. ज्या मालिकेचं जपान घ्यायचं आहे, तिचंच भारताचं पुस्तक दुकानात मागा. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी बंद, घारापुरी सोमवारी बंद, हे आपल्याला पाठ आहे. पुस्तकात ते बरोबर आहे का? औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालेलं तिथे पोहोचलं आहे का? नाशिकच्या पानावर फक्त द्राक्षांच्या वायनरी आहेत की पंचवटी आणि पांडवलेणीही आहेत? आपल्या गावाबद्दल जे पुस्तक ढिसाळ लिहितं, ते क्योटोबद्दल काटेकोर असेल असं धरून चालता येत नाही. जपान आणि भारताचे लेखक वेगळे असतात, त्यामुळे हा पुरावा पक्का नाही, पण संपादनाची शिस्त कळते.

दिरांच्या पुस्तकाकडे वळू. त्यातला सर्वांत महाग पडू शकणारा भाग म्हणजे जेआर (जपान रेल्वे) पासचा. २०१७ च्या कुठल्याही पुस्तकात लिहिलेलं असणार की परदेशी पाहुण्यांसाठीचा सात दिवसांचा देशभर चालणारा रेल्वे पास डोळे झाकून घ्यावा. तेव्हा ते खरंच होतं. टोकियो-क्योटो जाऊन-येऊन केलं की पासाचे पैसे जवळजवळ वसूल व्हायचे, हिरोशिमा धरलं तर नफाच. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्या पासाची किंमत २९,६५० येनवरून एकदम ५०,००० येन झाली. आता तुमचाच हिशेब मांडू. शिंकानसेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, टोकियो ते क्योटो साधारण १४,००० येन, क्योटो ते हिरोशिमा साधारण ११,०००, हिरोशिमाहून परत टोकियो १९,००० ते २०,०००. बेरीज पंचेचाळीस हजारांच्या आसपास. म्हणजे पास घेतलात तर माणशी पाचेक हजार येन जास्त जाणार. मुलगी पंधराची असल्याने तिचंही पूर्ण तिकीट, अर्धं तिकीट बारा वर्षांच्या आतल्यांना असतं. चौघांचे मिळून वीस हजार येन, साठ पैसे दराने बारा हजार रुपये. केवळ जुन्या पुस्तकावर विश्वास ठेवला म्हणून.

विमानाची तिकिटं अजून काढली नसतील तर उतरा टोकियोला आणि परत निघा ओसाकाहून. हिरोशिमाहून उलटं टोकियोला यायचं कारणच उरत नाही. टोकियो-क्योटोचं सुटं तिकीट काढायचं आणि पुढे कानसाई (क्योटो-ओसाकाचा भाग) आणि हिरोशिमा एवढ्यापुरता पाच दिवसांचा वेगळा पास बघायचा. तो देशभरच्या पासाच्या निम्म्याहूनही कमी किमतीत मिळतो आणि त्यात मियाजिमाची जेआरची बोटही येते. त्याला एक मेख आहे: क्योटो ते ओसाका या टप्प्यात तो शिंकानसेनला चालत नाही, साध्या जेआर गाडीने शिन-ओसाका स्टेशनपर्यंत यावं लागतं. नव्या पुस्तकात अशा विभागीय पासांवर निदान पानभर मजकूर आहे का बघा. सगळं रेल्वेचं प्रकरण अजून देशभरच्या पासाभोवतीच फिरत असेल, तर वरवर किंमत बदलून जुनाच मजकूर पुन्हा छापलेला आहे असं समजा.

असं वरवर रंगरंगोटी केलेलं पुस्तक ओळखायच्या आणखी काही खुणा आहेत. टोकियोचा घाऊक मासळी बाजार ऑक्टोबर २०१८ मध्ये त्सुकिजीहून तोयोसूला गेला. पहाटे ट्यूनाचा लिलाव बघायला पुस्तक तुम्हाला त्सुकिजीला पाठवत असेल तर ते खाली ठेवा. मुलीला आवडेल असं टीमलॅब बॉर्डरलेस हे प्रकाशाच्या कलाकृतींचं संग्रहालय ओदाइबाला होतं, ते २०२२ मध्ये बंद होऊन फेब्रुवारी २०२४ मध्ये आझाबुदाइ हिल्सला सुरू झालं. क्योटोत फक्त बससाठीचा दिवसभराचा पास पर्यटकांच्या गर्दीमुळे बंद केला, मार्च २०२४ नंतर तो चालत नाही. आता बस आणि मेट्रो मिळून पास असतो. यातल्या दोन ठिकाणी पुस्तक चुकलं तर तिसरी खूण तपासायच्या फंदात पडू नका.

तारीख बघायची जागा म्हणजे आतलं हक्कांचं (कॉपीराइटचं) पान. मुखपृष्ठावरचं वर्ष हे विक्रीचं असतं. आतल्या पानावर आवृत्तीचा क्रमांक आणि महिना असतो. नवी आवृत्ती आणि पुनर्मुद्रण यांतला फरकही तिथेच कळतो; २०२२ च्या आवृत्तीचं २०२५ चं पुनर्मुद्रण म्हणजे २०२२ चंच पुस्तक. ऑनलाइन दुकानात दिसणारी तारीख कधी ई-पुस्तकाची असते, कधी नुसत्या त्या नोंदीची, तिच्यावर जाऊ नका.

आता ते निम्म्या किमतीचं पुस्तक. न बघता सांगता येत नाही, पण वर्णन ऐकून आम्हाला शंका येते. २०२३ पासून ऑनलाइन दुकानांत यंत्राकडून लिहून घेतलेल्या गाइडबुकांचा सुळसुळाट झाला आहे. कल्पित लेखक, चकचकीत मुखपृष्ठ, नावात चालू वर्ष, आत शंभर-सव्वाशे पानं. विकत घेण्याआधी ‘आतली पानं बघा’ वर टिचकी मारा. नकाशा नाही, सूची नाही, पत्ते नाहीत, लेखकाचं नाव शोधलं तर त्याच विषयावरची आणखी चाळीस देशांची पुस्तकं सोडून काही सापडत नाही, आणि सगळे पाच-पाच तारे आठवड्याभरातले. असं असेल तर सोडून द्या. मजकूरही वाचून कळतो. ‘क्योटो हे परंपरा आणि आधुनिकतेचा सुरेख संगम असलेलं शहर आहे’ असली वाक्यं पानोपानी असतात. अशा वाक्यावरून ना बस पकडता येते ना जेवण मिळतं. मियाजिमाची परीक्षा इथेही लावा: रोपवेनंतरच्या पायऱ्या त्यात सापडणार नाहीत.

दुकानातल्या दोघांतलं कोणतं, तर दोघांची कामं वेगळी आहेत. डीके आयविटनेस चित्रांचं पुस्तक आहे. देवळं आणि किल्ले आतून कसे आहेत ते कापून दाखवल्यासारखी रेखाटनं, गुळगुळीत जड कागद. काय बघायचं ते ठरवायला उत्तम, आणि मुलीच्या हातात दिलंत तर ती स्वतःहून चार ठिकाणं निवडेल. पण सामान आणि सासूबाईंना घेऊन इथून तिथे कसं जायचं, याबाबत ते हात आखडता घेतं. लोनली प्लॅनेटचा जोर व्यवहारावर. अलीकडच्या आवृत्त्यांत त्यांनी मांडणी बदलली आहे. हॉटेल आणि खाणावळींच्या लांबलचक याद्या कमी झाल्या, अनुभवांवरचे लेख वाढले. जुन्या वाचकांना ते आवडलेलं नाही. आमच्या मते याद्या गेल्या त्याचं फार दुःख नको, त्या तशाही फोनवर ताज्या मिळतात. पण फिरण्याचा क्रम आणि नकाशे पूर्वीइतके सविस्तर आहेत का ते तुम्ही क्योटोच्या प्रकरणात तपासा. दुकानदाराला रफ गाइड्सही मागवता येत असेल तर तेही बघून घ्या, त्यात इतिहास आणि पार्श्वभूमी सहसा जास्त खोल असते. अमेरिकी प्रवाशांत रिक स्टीव्ह्ज हे नाव फार ऐकू येतं, पण त्याची गाइडबुकं युरोपची आहेत. जपानसाठी शोधत बसू नका.

तुमच्यासाठी निर्णय असा: लोनली प्लॅनेट आणि रफ गाइड्स यांतलं ज्याची आवृत्ती नवी असेल आणि जे मियाजिमाच्या परीक्षेत उतरेल ते एक विकत घ्या. डीके ग्रंथालयातून किंवा कुणाकडून महिनाभर आणा आणि निघण्याआधी परत करा. प्रवासात ते नेण्याजोगं नाही.

पुस्तक कुठलंही घ्या, ते कुणाच्या नजरेतून लिहिलं आहे हे विसरू नका. ही सगळी पुस्तकं मुख्यतः अमेरिकी, ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन वाचकांसाठी असतात. त्यात ‘नव्वद दिवस व्हिसा लागत नाही’ लिहिलेलं असेल, ते त्यांच्यासाठी. आपल्याला लागतो, आणि त्याची माहिती वकिलातीच्या किंवा व्हिसा केंद्राच्या संकेतस्थळावरूनच घ्यायची. अमेरिकी पुस्तक म्हणेल की प्लगसाठी काही लागत नाही. त्यांच्यासारखीच दोन चपट्या पट्ट्यांची पिन जपानमध्ये आहे. आपल्या गोल पिनांना अडॅप्टर लागतोच. शिवाय तिथला वीजदाब १०० व्होल्ट. फोनचा चार्जर १०० ते २४० वर चालतो, पण घरची छोटी किटली किंवा इलेक्ट्रिक शेकायची पिशवी नेलीत तर ती कोमटच राहील. सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी गरम पाण्याची रबरी पिशवी न्या. औषधांचंही तसंच: महिन्याभराहून जास्त डॉक्टरी औषधं न्यायची तर आधी परवानगी काढावी लागते, आणि सर्दी-खोकल्याच्या काही औषधांतल्या स्यूडोएफेड्रिन, कोडीन अशा घटकांवर तिथे कडक निर्बंध आहेत. आरोग्याच्या पानावर हे असायला हवं.

खाण्याचं प्रकरण मात्र सावकाश वाचा, कारण तुमच्या घरात तेच सर्वांत अवघड जाणार आहे. सूचीत शाकाहाराचा शब्द शोधा, ते पान काढा आणि त्यात ‘दाशी’ आहे का बघा. दाशी म्हणजे तिथल्या स्वयंपाकाचा मूळ रस्सा, बहुतेक वेळा सुकवलेल्या बोनिटो माशाच्या कीसाचा. मिसो सूपमध्ये तो असतो, सोबा नूडल्सच्या झोलात असतो, नुसत्या उकडलेल्या दिसणाऱ्या भाजीतही असतो. हॉटेलात ‘मांस नको’ म्हटलं तरी ‘मांस’ या शब्दात मासा धरला जात नाही. समोरचा माणूस अगदी प्रामाणिकपणे भाजीवर माशाचा कीस भुरभुरून आणून देईल. ज्या पुस्तकात ‘जपानमध्ये शाकाहाऱ्यांना टोफू आणि भाज्यांची रेलचेल’ एवढंच आहे, त्याच्या लेखकाने ताटात काय आहे ते विचारलेलं नाही.

याच पानावर दुसरा शब्द शोधायचा: शोजिन र्‍योरी. बौद्ध मठांतला स्वयंपाक. मांस, मासे नाहीत आणि नियमाने कांदा-लसूणही वर्ज्य. रस्सा कोंबू नावाच्या समुद्री वनस्पतीचा आणि सुक्या शिताके मशरूमचा. सासूबाईंना सांगा की हा त्यांचा चातुर्मासच आहे, फक्त बारमाही. क्योटोत आराशियामाच्या तेनर्‍यूजी मंदिरात हे जेवण मिळतं. ओसाकाहून दोनेक तासांवर कोयासान डोंगरावर मठांत मुक्काम करता येतो, रात्रीचं जेवण आणि सकाळचा नाश्ता असाच. बारा दिवसांत त्यासाठी एक रात्र काढा, हवं तर टोकियोतली एक कमी करा. शहरातल्या काही हॉटेलांत मात्र शोजिन नावाखाली मासळीची दाशी वापरतात, म्हणून मठाबाहेर विचारल्याशिवाय बसू नका. मशरूम चालतं का हे सासूबाईंना घरीच विचारून घ्या.

रोजच्या जेवणासाठी पुस्तकावर अवलंबून राहू नका. कोपऱ्याकोपऱ्यावरच्या छोट्या दुकानांत शिजवलेल्या पांढऱ्या भाताची पाकिटं मिळतात आणि ती गरम करायला मायक्रोवेव्ह असतो. मेतकूट, लसूण न घातलेली कोरडी चटणी, बरोबर न्या. हापूस नेऊ नका, मे महिना असला तरी! ताजी फळं-भाज्या विमानतळावर काढून घेतात. टोकियोत निशिकासाई भागात भारतीयांची मोठी वस्ती आहे, तिथे किराणाही मिळतो.

पुस्तकात आणखी एक पाहा: ठिकाणांची नावं जपानी लिपीतही छापली आहेत का? जपानमध्ये बहुतेक रस्त्यांना नावं नसतात. पत्ता म्हणजे विभाग, त्यातला गट, मग इमारतीचा क्रमांक. रोमन अक्षरांतलं नाव वयस्क टॅक्सीवाल्याला वाचता आलं नाही तर पुस्तकातलं जपानी नाव दाखवून काम होतं. ई-पुस्तक घेणार असाल तर शब्द शोधायला ते सोयीचं, पण फोनवर नकाशे इतके बारीक होतात की ठिकाणाचं नाव वाचताना पान सरकून जातं. नकाशा बघूनच ठरवायचं असतं तेव्हा कागदच बरा.

तारखांचंही एक. पत्रात ‘मे महिना’ इतकंच आहे. २९ एप्रिल ते ५ मे हा तिथला सुट्ट्यांचा आठवडा, गोल्डन वीक. अख्खा देश तेव्हा प्रवासाला निघतो, हॉटेलं महाग, आणि या दिवसांत नोझोमी या सर्वांत वेगवान शिंकानसेन गाड्यांत आरक्षणाशिवाय बसताच येत नाही. आपल्या शाळांच्या सुट्टीत बसेल असा उत्तम काळ म्हणजे साधारण ८ मेपासून महिनाअखेर. जूनमध्ये तिथलाही पावसाळा सुरू होतो. मोठ्या सूटकेसची लांबी, रुंदी, उंची मिळून १६० सेंटिमीटरच्या वर जात असेल तर टोकियो-ओसाका मार्गाच्या तोकाइदो शिंकानसेनवर त्यासाठी वेगळी जागा आधी राखून ठेवावी लागते. हा नियम मे २०२० चा, दिरांच्या पुस्तकात नसणार. घरी टेप घेऊन मोजा, चाकं आणि मूठ धरून.

एवढं ठरल्यावर पुस्तकाचं वजन कमी करा. देशाच्या पुस्तकात होक्काइदो, क्यूशू, ओकिनावा सगळं असतं, ते तुम्हाला लागणार नाही. आधी कण्याच्या वरच्या टोकाकडून बघा: पानं सुटी सुटी गोंदात बसवलेली आहेत की घडीच्या जुड्या शिवलेल्या आहेत. नुसतं गोंद असेल तर टोकियोच्या प्रकरणाच्या पहिल्या पानापाशी पुस्तक उघडून उलटं दाबा, गोंदाची रेघ दिसू लागेल. त्या रेघेवर कटर हलक्या हाताने तीन-चार वेळा फिरवा. एकदाच जोर लावला तर शेजारची पानं कापली जातात. प्रकरण संपतं तिथेही तसंच. सुटलेल्या गठ्ठ्याच्या कडेला फेव्हिकॉलचा पातळ हात, वर कापडी चिकटपट्टी, आणि रात्रभर पाटाखाली दाबून ठेवा. शिवलेलं पुस्तक असेल तर फक्त दोन जुड्यांच्या मध्येच कापा, नाहीतर आठवड्याभरात पानं गळायला लागतात. टोकियो, कानसाई आणि हिरोशिमा, खाणं-आरोग्य-भाषा असे तीन गठ्ठे करा. त्या त्या दिवशी लागेल तोच बाहेर न्यायचा.

दिरांचं पुस्तक परत देण्याआधी त्यातलं इतिहासाचं प्रकरण आणि देवळांची पानं मुलीला वाचायला द्या, ती २०१७ पासून बदललेली नाहीत. रेल्वेच्या प्रकरणाला मात्र रबरबँड लावून ठेवा, कुणी चुकून उघडायला नको.